रापणीच्या वाटेचं रेकॉर्डिंग

माझ्या धाकट्या भावाने आजारपणात माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. कॉम्प्युटरवर खेळ चालू असताना पडद्यावर जे दिसतं ते जसंच्या तसं रेकॉर्ड करणारं एखादं चांगलं सॉफ्टवेअर शोधून दे. दुसरं काही मागितलं असतं तर बरं झालं असतं. मूत्रपिंड द्यायला तर मी आपणहून गेले होते, पण तपासणीत माझ्याच रक्तातली साखर आडवी आली आणि डॉक्टरांनी मला परत पाठवलं. त्यामानाने सॉफ्टवेअर म्हणजे किरकोळ काम, असं मला तेव्हा वाटलं होतं.

मी हायस्कूलमध्ये गणित शिकवते. निकालाचे तक्ते कॉम्प्युटरवर करते, एवढ्यावरून आमच्या घरात असा समज आहे की मला कॉम्प्युटरातलं सगळं कळतं. भावाचाही होता. तो बोटीवर इंजिन रूममध्ये होता, मशीन उघडून परत जोडणारा माणूस, पण सॉफ्टवेअर म्हटलं की तो माझ्या तोंडाकडे बघायचा. बोटीवरच त्याची किडनी बिघडली, कोणाला पत्ता लागायच्या आधी दोन्ही गेल्या, आणि तो एक बॅग, एक जाडजूड लॅपटॉप घेऊन कायमचा घरी आला. मग दिवसाआड डायालिसिस. त्या दिवशी तो गाडीतून जायचा आणि चिपाडासारखा होऊन परत यायचा. मधल्या दिवशी पडवीत खुर्ची टाकून लॅपटॉप उघडायचा.

आमचं घर तोंडवलीच्या बाजूला, किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. पण त्या हाकेच्या अंतरात एक चढ आहे. आधी तो चढ आहे हे आमच्यापैकी कोणाच्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं. तो आजारी पडल्यावर एकदा हौसेने खाली उतरला आणि वर येताना अर्ध्यावर बसला. दोघांनी धरून आणला. त्यानंतर तो किनाऱ्यावर गेला नाही. पडवीतून समुद्राचा आवाज ऐकू यायचा, दिसायचा मात्र नाही.

खेळ ठोकळ्यांचा होता. लहान मुलं खेळतात तसलाच, मातीचे, दगडाचे, लाकडाचे चौकोनी ठोकळे रचून काय हवं ते उभं करायचं. फक्त हा इंटरनेटवरचा. परदेशातल्या कोणा माणसाच्या सर्व्हरवर एक अफाट रिकामं जग होतं, जगभरातली माणसं तिथे येऊन जागा धरायची आणि आपापलं बांधायची. भावाने एका कोपऱ्यात समुद्राकाठची जागा धरली. सुरुवातीला मी बघितलंच नाही. वर्गातली मुलं मोबाईलवर हेच खेळतात आणि मी त्यांचे मोबाईल काढून घेते, मग घरी येऊन भावाचं कौतुक कसं करणार? आईला तर त्या लॅपटॉपचा रागच होता. ती म्हणायची, "दिवसभर त्या डब्यात तोंड घालून बसता. पाणी पिऊक गावना नाय म्हणान पाणी बघीत बसता."

हे खरं होतं. त्याला पाणी मोजून मिळायचं. बर्फाचा खडा गालात धरून तो समुद्रकिनारा बांधत बसायचा.

एके दिवशी त्याने मला हाक मारली आणि खुर्ची ओढून शेजारी बसवलं. पडद्यावर आमचं मागचं दार होतं. ठोकळ्यांचं, पण आमचंच. उंबऱ्याशी पायरीचा एक दगड तिरका, तोसुद्धा होता. तो बोटांनी कळा दाबत गेला आणि आम्ही दाराबाहेर पडलो. विहीर आली. विहिरीपलीकडे काजी, म्हणजे काजूची झाडं, मग तो चढ, आमच्या बाजूने उतार, मग सुरूचं बन आणि बन संपता संपता रापणीचा मांडव. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं ते मोठं जाळं. होडीने ते समुद्रात अर्धगोल टाकून यायची आणि दोन्ही टोकांचे दोर धरून अख्खी वाडी ओढायची. जो दोराला हात लावेल त्याला वाटा, मग तो कोणाच्या का घरचा असेना. आमच्या लहानपणी ती रोजची गोष्ट होती. आता त्या मांडवाच्या जागी पाण्यातल्या खेळांची तिकिटं फाडायचं टेबल आहे, शेजारी तंबू आहेत, आणि सुरूचं बन समुद्राने निम्मं नेलं. भावाने ते सगळं पूर्वीचं बांधून ठेवलं होतं. होडी, वल्ही, वाळूत अर्धवट पुरलेला ओंडका, वाळत घातलेलं जाळं, आणि पाण्यातून वाळूवर आलेले दोन लांबच लांब दोर.

मी म्हटलं, "माणसां नाय रे हेच्यात."

"माणसां माका करूक येनत नाय," तो म्हणाला. "केलंय तर बुजगावण्यासारी दिसतत. म्हणान तर तुका हाक मारलंय. मी चलतलंय आणि बोलतलंय. कोण खंय उभो आसायचो ता सगळा सांगतलंय. तू ता रेकॉर्ड कर."

मी विचारलं की रेकॉर्ड कशाला, आहे ना ते तिथे, केव्हाही बघता येईल. त्याने पडद्यावरच्या पाटीकडे बोट दाखवलं. खेळ उघडताना दरवेळी ती पाटी यायची: पंधरवडाभर जो फिरकणार नाही त्याची जागा मोकळी होऊन दुसऱ्याला मिळेल. एवढं मोठं जग फुकट चालवायचं तर कोणीतरी सोडून गेलेली घरं पाडायलाच हवीत, त्यात गैर काही नव्हतं. आणि बांधलेलं ते आपल्या लॅपटॉपवर उतरवून घ्यायची सोय त्या सर्व्हरवर नव्हती.

"मी गेल्यार ह्यां कोण बघतला गो?" तो म्हणाला. मी त्याला गप बसवलं. आजारी माणसाने असं काही म्हटलं की गप बसवायचं, एवढंच आपल्याला शिकवलेलं असतं.

तर अशी ही सॉफ्टवेअरची भानगड सुरू झाली.

लॅपटॉपमध्ये आधीपासूनच एक सोय होती. दोन कळा दाबल्या की रेकॉर्डिंग सुरू. मला वाटलं, झालं काम. पण ती सोय आमच्या बाबतीत दर वेळी वेगळं कारण सांगायची. कधी म्हणे हा खेळ मी ओळखत नाही, कधी म्हणे आत्ता रेकॉर्ड करण्यासारखं काही नाही. हे दुसरं वाक्य वाचून भाऊ त्या लॅपटॉपला जे बोलला ते मी लिहू शकत नाही. बोटीवर शिकलेला होता.

मग मी इंटरनेटवर शोधायला लागले. तिथे सल्ल्यांना तोटा नाही. प्रत्येक जण छातीठोकपणे सांगतो की हेच सर्वांत चांगलं, आणि खाली दहा जण लिहितात की माझ्याकडे हे चालतच नाही. त्यातलं एक, मोठमोठे खेळाडू वापरतात ते, फुकट होतं आणि त्याची सगळे तारीफ करत होते. ते मी रविवारी सकाळी उतरवून घेतलं. उघडल्यावर बटणंच बटणं. मला निम्मी कळली नाहीत. जे कळलं तेवढं केलं, माइक चालू आहे याची खात्री केली आणि त्याला म्हटलं, चल.

तो दिवस चांगला होता. आदल्या दिवशीच डायालिसिस झालं होतं, अंगात थोडा जीव होता. तो मागच्या दारापासून निघाला आणि त्याने संपूर्ण वाट सांगितली. घाई नाही, धाप नाही. विहिरीवर कोण यायचं, कोणाची कळशी कोणी ढकलली, काजीखाली कोणाला साप दिसला आणि तो नंतर दोर निघाला, मांडवात कोण झोपायचं, कोण कोणाचा तंबाखू चोरायचं. दोरापाशी येऊन तो थांबला आणि एकेक माणूस जागेवर उभा करत गेला, वडील, त्यांचे साथीदार, मी, आणि शेवटी दोराला लोंबकळणारा तो. मधून मधून मला विचारत होता, दिसता मां? मी म्हणत होते, दिसता. मी खरंच बघत होते. एवढं बोलताना मी त्याला कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. आई आतून विळी हातात घेऊन दारापर्यंत आली आणि ऐकून परत गेली.

रेकॉर्डिंग थांबवून आम्ही ते लावलं. आवाज अगदी स्पष्ट, आणि पडदा काळा. पहिल्यापासून शेवटपर्यंत काळा. वर माउसचा बाण तेवढा फिरताना दिसत होता.

आम्ही हसलो. खरंच हसलो, त्याला तर हसता हसता खोकला लागला. "आमवाशेक रापण टाकली," तो म्हणाला. मला काय माहीत, की त्या वाटेचं इतकं चांगलं सांगणं पुन्हा होणार नाही. परत कितीदा तरी त्याने सांगितलं, पण ते आधी सांगून झालेलं सांगणं होतं. साप दोन शब्दांत उरकायचा. तंबाखू गळालाच.

पुढचं सॉफ्टवेअर साधं होतं, आणि त्याने चित्र उचललं. पण फुकटाचं असल्यामुळे त्याने आपलं नाव पडद्यावर आडवं मारून ठेवलं, नेमकं समुद्राच्या जागी. मी म्हटलं, राहू दे, त्यातून दिसतंय की. तो म्हणाला, "दर्यार नाव मारलेला माका नको. आंब्याच्या पेटीर मारतत तसा." मग आणखी एक आणलं. ते चालू केलं की लॅपटॉपच दमायचा, लाटा अडखळायच्या, चालणं ठेचा खाल्ल्यासारखं. त्याच्या पुढच्यात सगळं होतं, चित्र, आवाज, सगळं, फक्त दोघांची गाठ पडत नव्हती. तो म्हणत होता "ही विहीर" आणि पडद्यावर सुरूचं बन आलेलं. तो म्हणत होता "हय बापूस उभो आसा" आणि तिथे नुसतं पाणी. हे बघून तो हसला नाही. लॅपटॉप बंद करून आत जाऊन पडला.

माझीही चिडचिड व्हायला लागली होती. शाळेतून यावं, बस चुकली तर रिक्षाने यावं, त्याच्या औषधांचं बघावं, आणि बसावं त्या बटणांपुढे. मी त्याला एकदा म्हटलंही, की अरे, थोडंफार कमीजास्त असलं तर चालतं, आपल्याला काय सिनेमा काढायचाय? तो शांतपणे म्हणाला, "इंजिनाचा काम थोडाफार चलणा नाय गो. एक नट सैल रवलो तर बोट थांबता." त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. त्याच्या हातून सगळं सुटत चाललं होतं आणि ही एक गोष्ट त्याला नीट हवी होती. मला ते कळत होतं आणि तरी राग येत होता. दोन्ही खरं आहे.

शेवटी मी परत त्या काळ्या पडद्यावाल्याकडे वळले. इतके जण वापरतात, तर दोष आपल्याकडेच असणार. वाचता वाचता सापडलं. आमच्या लॅपटॉपमध्ये चित्र काढणारे दोन भाग होते. खेळ एकावर चालायचा आणि सॉफ्टवेअर दुसऱ्यावर, म्हणून एकाचं दुसऱ्याला दिसतच नव्हतं. एका घरात राहून न बोलणाऱ्या भावांसारखं. दोघांना एकावर आणायचं, बस. मी आणलं. त्या दुपारी आम्ही मागच्या दारापासून विहिरीपर्यंत एवढंच करून बघितलं. चित्र आरशासारखं. आवाज जागच्या जागी. तिरक्या पायरीवरचं शेवाळसुद्धा दिसत होतं.

त्याने कधी नव्हे तो माझ्या पाठीवर थाप मारली. "आता नट बरोबर बसलो," म्हणाला. मग म्हणाला, लॅपटॉपमध्ये जागा उरलेली नाही, आजवरची सगळी फसलेली रेकॉर्डिंगं पुसून टाक, हे आताचंसुद्धा, उद्या सकाळी सगळी वाट एकदम करू. मी त्या सगळ्यांसाठी एक फोल्डर केला होता. तो पुसला. तेवढ्यात लाईट गेली आणि आम्ही उठलो. आईने उकड्या तांदळाची पेज केली होती, ती त्याने थोडी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला श्वास घेता येईना. गाडी मागवून थेट गोव्याला नेलं. तिथे तो बरेच दिवस होता, आधी बोलत, मग खुणेने, मग नुसता. मी शाळेतून रजा काढून तिथेच बसले. खेळ, सॉफ्टवेअर, काहीही माझ्या डोक्यात नव्हतं. तो काय काय मागेल आणि मी काय काय देऊ शकणार नाही, एवढंच होतं. त्याने काही मागितलं नाही. एका सकाळी तो गेला.

आमच्याकडे घरात माणूस गेलं की तेराव्यापर्यंत टीव्ही, रेडिओ, काही लावत नाहीत. टीव्हीवर पंचा टाकून ठेवतात. आईने टीव्हीवर टाकला आणि दुसरा पंचा आणून त्याच्या लॅपटॉपवर. मी बघत होते. मला ती पाटी आठवली. पंधरवडाभर जो फिरकणार नाही. मी मनात हिशेब केला. तेरा दिवस, म्हणजे पंधरवड्याच्या आत. चौदाव्या दिवशी सकाळी उघडला की झालं. मला त्या अवस्थेतही थोडं बरं वाटलं, की चला, आपलं सुतक आणि त्यांचा नियम यांचं नीट जुळतंय.

मधे एकदा राहवेना म्हणून मी पंच्याला हात लावला. नुसतं खेळात जाऊन त्या दारात उभं राहून येऊ, एवढंच. आई म्हणाली, "आता नको गो. लोक येतत भेटूक, काय म्हणतले?" चुलते बाहेर खळ्यात बसले होते. तिथूनच म्हणाले, "तेरा दीस खेळाशिवाय रवाक येना नाय काय तुका? तू मास्तरीण मां?" मी हात काढून घेतला. भांडले असते तर भांडता आलं असतं. पण माझा हिशेब पक्का होता, मग भांडायचं कशाला? मी पाहुण्यांना चहा द्यायला आत गेले.

चौदाव्या दिवशी सकाळी मी पंचा काढून घडी घातली, लॅपटॉप उघडला आणि खेळात शिरले. त्याचा पासवर्ड लॅपटॉपच्या लक्षात होता. मी जिथे उभी होते तिथे चहूबाजूंनी कलिंगडं होती. ओळीने लावलेली, मधून पाटाचं पाणी सोडलेलं. मला वाटलं, चुकीच्या ठिकाणी आले. वळून बघितलं. समुद्र तोच होता, कारण समुद्र त्याने बांधलेला नव्हता, आधीपासूनचा होता. मागे दार नव्हतं, विहीर नव्हती, काजी नव्हत्या. चढ सपाट केला होता. ज्याने केला होता तो तिथेच काम करत होता, चौकोनी डोक्याचं एक बाहुलं. मी त्याला विचारलं. त्याने अतिशय नम्रपणे लिहिलं, की जागा मोकळी होती, म्हणून घेतली, तुमची होती का, माफ करा. आणि त्याने मला एक कलिंगड दिलं. ते माझ्या भावाच्या हातात आलं.

मी सर्व्हर चालवणाऱ्याला लिहिलं. भाऊ वारला हेही लिहिलं. त्याचंही उत्तर सभ्य होतं. जुन्या प्रती थोडेच दिवस ठेवल्या जातात, त्या आता नाहीत, फार वाईट वाटलं.

कोणीही वाईट वागलं नाही, हेच मला सोसत नाही. राग काढायला एक माणूस मिळत नाही.

हिशेब कुठे चुकला ते मला त्याच दिवशी कळलं. आमच्याकडे सगळं मरणापासून मोजतात. दहावं, बारावं, तेरावं, महिना, वर्ष. घरातला प्रत्येक जण त्या दिवसांत तेच मोजत असतो, मीही तेच मोजलं. खेळाला तो मेला हे ठाऊकच नव्हतं. खेळ मोजत होता तो शेवटचा चालला त्या दिवसापासून. विहिरीपर्यंत गेला होता त्या दुपारपासून. गोव्यातले सगळे दिवस त्याने धरले होते आणि मी एकही धरला नव्हता. तो श्वास घेत होता तोवर तो माझ्या लेखी हजर होता. मी वर्गात मुलांना घसा फोडून सांगते, आधी कुठून मोजायचं ते ठरवा. आता ते वाक्य बोलायची वेळ आली की मी फळ्याकडे तोंड करते.

त्यानंतर किती आठवडे गेले ते मी मोजलं नाही. मोजण्यावरून माझा जीव उडाला होता. किनाऱ्यावर एकदा जाऊन आले, की निदान ते तरी बघू. तिकिटाच्या टेबलाशी रांग होती, लाईफ जॅकेटं घातलेली माणसं फोटो काढत होती. मांडव कुठे होता ते मला ठरवता येईना. भावाच्या खेळात मी डोळे झाकून गेले असते. खऱ्या किनाऱ्यावर मला जागा सापडली नाही. परत येताना चढावर तो बसला होता तिथे मीही जरा बसले. धाप लागली म्हणून नव्हे, पुढे जाण्यासारखं काही वाटत नव्हतं म्हणून.

मग एका दुपारी लॅपटॉप रिकामा करायला घेतला. शाळेसाठी वापरावा म्हटलं, पडून राहून खराब होण्यापेक्षा. ती सगळी सॉफ्टवेअरं एकेक काढत होते. शेवटी ते खेळाडूंचं. काढण्याआधी उघडलं, त्याच्या खिडकीत कोपऱ्यात पूर्वी रेकॉर्ड केलेल्या फाईली कुठे आहेत ते दाखवायची सोय होती. तिथे एक फाईल होती. मी उतरवून घेतलं त्या रविवारची. तेव्हा मी माझा फोल्डर अजून केलेला नव्हता, म्हणून त्याने आपल्या मनाने दुसरीकडेच ठेवलेली, आणि पुसताना ती माझ्या हाताला लागली नव्हती.

काळा पडदा. वर माउसचा बाण. आणि भाऊ बोलायला लागला.

"ह्यां आमचा मागला दार. ही पायरी. हेच्यार सगळे घसारले, फकत आवस घसारली नाय." आवस म्हणजे आई.

पडदा काळाच. तो "ह्यां" म्हणत होता, "हय" म्हणत होता, "थंय बघ, होडयेच्या पलीकडे" म्हणत होता, आणि बोट दाखवावं तिथे काळोख होता. त्याला माणसं करता येत नव्हती म्हणून त्याने ती आवाजात ठेवली होती. माणसं सगळी राहिली, उभं राहायला त्यांना जमीन राहिली नाही. मला वाटलं होतं की त्याचा आवाज मिळाला तर मला बरं वाटेल. वाटलं नाही. आधी फक्त तो गेला होता. आता तो मला काहीतरी दाखवत होता आणि मला दिसत नव्हतं.

"दिसता मां?" त्याने विचारलं. आणि माझाच आवाज आला, "दिसता." किती सहज म्हणाले होते मी ते, जरा कंटाळूनच. त्या बाईचा मला इतका हेवा वाटला की मी ते थांबवलं.

मागे आई उभी होती. कधी येऊन उभी राहिली ते कळलं नाही. तिच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. तो असताना ती त्या डब्यासमोर एकदाही बसली नव्हती. ती त्याच्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, "लाव गो परत. पयल्यापासून."

मी लावलं. ती पडद्याच्या जवळ गेली. चष्मा काढून पदराने पुसला, परत घातला. मान तिरकी करून चांगल्या डोळ्याने बघितलं. तिला वाटत होतं की दिसत नाही तो तिच्या डोळ्यांचा दोष. मला सांगायला हवं होतं, की आई, इथे काहीच नाही, कोणालाच दिसणार नाही.

"ही विहीर," तो म्हणाला. "हय आवस कळशी घेवन उभी आसा. दिसता मां?"

रेकॉर्डिंगमधली मी म्हणाले, "दिसता."

आणि माझ्या शेजारी, त्या काळ्या पडद्याकडे बघत, माझ्या आधी की माझ्या नंतर ते मला सांगता येणार नाही, आई म्हणाली, "दिसता रे बाबा. तू चल फुडे."

तो पुढे चालत गेला. आई अजून थोडी जवळ सरकली.